माती करंट ओढते

मला करंटची भीती वाटते. जिच्या गाडीत माणसाच्या छातीला करंट द्यायचं मशीन ठेवलेलं असतं, तिनं असं चारचौघांत बोलू नये, असं आमचे साहेब म्हणतात. साहेबांचं काय जातं, ते ऑफिसात पंख्याखाली बसतात. मी चंद्रपूरकडच्या मूल शहराजवळच्या धानाच्या गावातली. भर पावसात विजेच्या खांबाला अंग घासणारी म्हैस उभ्याउभ्या कोसळताना मी लहानपणी पाहिली आहे, आणि तिला सोडवायला धावलेल्या मालकाला लोकांनी काठ्यांनी मागं कसं लोटलं तेही. आमची आई आजसुद्धा पायात चपला घातल्याशिवाय मिक्सरचं बटन दाबत नाही. अशा घरातली मी नर्सिंग शिकले, ॲम्ब्युलन्सवर नोकरीला लागले आणि माझी नेमणूक झाली अहेरीकडच्या जंगलात.

गाडीवर आम्ही दोघंच. मी आणि गाडी चालवणारे दादा, ज्यांना आमच्या खात्यात पायलट म्हणतात. वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे, तोंडात कायम सुपारी-तंबाखूचा खर्रा, आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्यांना नावानिशी ठाऊक. लोक मला डाक्टरबाई म्हणतात. मी डॉक्टर नाही हे सांगून सांगून थकले, आता सोडून दिलं.

ते मशीन आलं तेव्हा आम्हा गाडीवाल्यांना गडचिरोलीला ट्रेनिंगसाठी बोलावलं. शिकवायला आलेले सर शहरातले, मोठे हसतमुख. टेबलावर रबरी पुतळा, डोकं आणि धड एवढाच. सरांनी समजावलं की करंट लागून किंवा झटका येऊन माणूस पडतो तेव्हा त्याचं हृदय पुष्कळदा एकदम बंद होत नाही. ते नुसतं थरथरतं, रक्त पुढं ढकलत नाही. छाती दाबून आपण रक्त फिरतं ठेवायचं आणि मशीननं झटका देऊन ती थरथर मोडायची, म्हणजे हृदय पुन्हा ठेक्यावर येतं. मशीन स्वतःच तपासतं आणि झटका द्यायचा की नाही ते सांगतं. आपण पट्ट्या चिकटवायच्या, सगळ्यांना दूर करायचं आणि बटन दाबायचं. ऐकायला किती सोपं!

माझी पाळी आली तेव्हा मी "दूर व्हा" असं ओरडले आणि डोळे गच्च मिटून बटन दाबलं. हॉलभर हशा पिकला. सर म्हणाले, "ताई, पेशंट वाचेल हो, पण तुमच्यासाठी दुसरं मशीन आणावं लागेल!" मीही हसले. हसू खोटं होतं. सर पुढं म्हणाले ते मात्र मला लागलं. डोळे मिटायचे नाहीत, कारण पेशंटला कुणाचा हात लागलेला आहे का हे बघायची जबाबदारी बटन दाबणाऱ्याची. म्हणजे माझ्या बोटानं एक जीव वाचू शकतो आणि मी नीट बघितलं नाही, तर शेजारच्याचा जाऊही शकतो. सुट्टीत घरी गेले की मी उशीवर सराव करायचे आणि आई दारातून म्हणायची, "बाई, त्या उशीले आता सोड."

पायलट दादांनी त्या दिवशी सरांना एक प्रश्न विचारला होता. पेशंट ओला असला तर? सर म्हणाले, पुसून कोरडा करायचा. आणि पाऊस चालू असला तर? आडोशाला न्यायचं. आणि आडोसाच नसला तर? सर हसले आणि चहाची सुट्टी झाली. चिखलाबद्दल कुणी विचारलं नाही, कारण ते आमच्याही डोक्यात आलं नव्हतं.

धानाच्या रोवणीचे दिवस होते. एका टोल्यावर, म्हणजे जंगलातल्या लहान वस्तीवर, बाळंतपणासाठी बोलावलं म्हणून आम्ही गेलो होतो, पण बाईच्या कळा थांबल्या होत्या आणि ती गाडीत बसायला तयार नव्हती. रिकाम्या गाडीनं परत निघालो. पाऊस नुकता ओसरलेला. फाट्याजवळ एक बाई दोन्ही हात वर करून थेट गाडीसमोर उभी राहिली. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, हातात धानाच्या रोपांची जुडी तशीच राहिलेली. दादांनी कचकन ब्रेक दाबला. "माह्या मालकाले चक्कर आली," ती म्हणाली. धावून धावून तिला धाप लागली होती, आणि चक्कर आलेल्या माणसासाठी कुणी असं धावत नाही, हे मला तेव्हाच कळलं.

तिला गाडीत घेऊन आत वळलो, पण रस्ता नाल्यापाशी संपला. मशीनची पेटी आणि गाडीतली चादर घेऊन आम्ही तिच्या मागं बांधावरून पळालो. समोरच्या बांधीत, म्हणजे चिखल करून ठेवलेल्या धानाच्या वाफ्यात, पाचसहा माणसं गोल करून वाकली होती आणि दोन्ही हातांनी चिखल थापत होती. मधे एक चेहरा तेवढा उघडा होता. बाकी सगळा माणूस चिखलात. मला वाटलं, इतक्यात याला पुरायलाही घेतलं!

"मेला का?" मी विचारलं.

"मेला नाई बाई," गावचा भूमिया म्हणाला. गावाचा कारभार बघणारा हा म्हातारा तिथं सगळ्यांत मोठा होता. "मातीत ठेवला. माती करंट वढते." आणि लगेच त्यानं जीभ चावली. करंट हा शब्द त्याच्या तोंडून निसटला होता.

मग मला सगळं कळलं. रानडुकरं एका फेरीत अख्खी बांधी उलटीपालटी करतात, म्हणून कुणी कुणी वरच्या लाईनवर आकडा टाकून शेताभोवती उघडी तार लावतात. तारेत डुक्कर सापडतं, कधी गुरं सापडतात, कधी माणूस. तार लावणं गुन्हा आहे. पोलीस येतात, जंगलखात्याचे लोक येतात. त्यामुळे माणूस पडला की आधी तार गायब होते.

"तार कुठंय? बंद केली का?" मी ओरडले.

"कोनती तार? तार नाई बाई."

"करंट लागला म्हणता ना?"

"चक्कर आली त्याले."

सगळे खाली बघत होते. मला राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. ट्रेनिंगमधली पहिलीच पायरी ही, आपण उभे आहोत ती जागा सुरक्षित आहे का ते बघा. इथं तार होती हेच कुणाला कबूल नाही, तर ती बंद केली का हे कोण सांगणार? दादा बांधावर खिळल्यासारखे उभे होते. "मॅडम, पाय टाकू नका," ते हळूच म्हणाले. ढोपरभर पाणी-चिखल, कुठंतरी झुडपात लपवलेली तार, तिचं दुसरं टोक लाईनवर आहे की नाही देव जाणे. मला ती म्हैस आठवली. खोटं कशाला सांगू, मला परत फिरावंसं वाटलं.

ती बाई, त्या माणसाची बायको, माझ्या बाजूनं पुढं झाली. "बंद हाय. आकडा मीच काढला," ती सगळ्यांसमोर म्हणाली. भूमियानं तिच्याकडं रोखून बघितलं. तिनं त्याच्याकडं बघितलंच नाही, सरळ चिखलात उतरली आणि मधोमध जाऊन उभी राहिली. मग मीही उतरले.

माणूस अधूनमधून घोरल्यासारखा एखादा श्वास घेत होता. "पाहा, श्वास घेऊन राह्यला. माती काम करून राह्यली," कुणीतरी समाधानानं म्हणालं. तो श्वास नव्हताच. हृदय थांबल्यावर शरीर असे आचके देतं, आणि तेही फार वेळ देत नाही. मानेत नाडी नव्हती. त्याला बाहेर काढा म्हटल्यावर चारी बाजूंनी हात आडवे आले. "काढू नोको बाई, अर्धा करंट अजून आंगात हाय त्याच्या." भूमियानं त्याचा खांदा चिखलात दाबून धरला. तो वाईट माणूस नव्हता. आपल्या पोराला वाचवायला बाप जितक्या जोरानं धरेल, तितक्या जोरानं त्यानं धरलं होतं. मी त्याच्या हातावर फटका मारला. एवढ्या मोठ्या माणसाच्या हातावर मी आयुष्यात पहिल्यांदा फटका मारला, आणि त्यानं दचकून खांदा सोडला.

ओढत बांधावर आणला. दादा छाती दाबायला बसले. मी चादरीनं पुसत होते. पुसलं की वरून पाणी ओघळायचं, पट्टी लावली की चिखलावरून सरकायची. ओल्या बोटांनी पट्टीचा कागदच सुटेना. ती बाई माझ्या हातातली चादर घेऊन भांडं घासावं तशी त्याची छाती पुसायला लागली. शेवटी पट्ट्या बसल्या. मशीन चालू होताच त्यातली बाई हिंदीत बोलली आणि सगळे एक पाऊल मागं सरले. "पेटीत कोन हाय?" कुणीतरी विचारलं. एरवी मी हसून लोटपोट झाले असते.

मशीन म्हणालं, झटका द्यायचा आहे. आता भूमियाला उमगलं. "तुमी करंट देता का त्याले? करंटनंच तं पडला थो!" मागं सरलेले सगळे पुन्हा पुढं आले. कुणी त्याचा हात धरला, कुणी डोकं. बायकोनं दोन्ही पाय कवटाळले. बटनाचा दिवा लुकलुकत होता आणि पेशंटला पाच माणसांचे हात लागलेले होते. ट्रेनिंगमधलं "दूर व्हा" मी दोनदा म्हणाले, कुणी ढिम्म हललं नाही. मग मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "करंट हाय! मराल! हात काढा!"

सगळे उडाले. बायको सगळ्यांत शेवटी हटली. मी डोळे सताड उघडे ठेवून डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि बटन दाबलं.

त्याचं अंग ताडकन उसळलं आणि बायकांनी किंकाळी फोडली. "हिल्ले, हिल्ले," भूमिया म्हणत राहिला. गोंडीत हिल्ले म्हणजे नाही. मी पुन्हा छाती दाबायला घेतली. माझ्या पाठीमागं किती लोक आहेत, त्यांच्या हातात काय आहे, मला बघायचं धाडस नव्हतं. हा आता उठला नाही, तर या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मीच त्याला मारलेलं असणार होतं. आणि तसं ते म्हणाले असते, तर मी काय सांगितलं असतं?

तो खोकला. तोंडातून चिखल आणि फेस आला, मग खरा श्वास आला. मला रडू फुटलं. दादा मला ओरडले, "मॅडम, रडा मागाहून, आधी उचला!"

अहेरीला नेला, तिथून पुढं चंद्रपूरला पाठवला, आणि तो आपल्या पायांनी घरी गेला. पाऊस कमी झाल्यावर बाजाराच्या दिवशी नवराबायको आमच्या गाडीपाशी आले. टोपलीत कोवळे वास्ते, बांबूचे कोंब, माझ्यासाठी. "जोहार बाई," तो म्हणाला, "मातीनं वाचवलं, आन तुमच्या गाडीनं लवकर नेलं."

माझं डोकं फिरलं. मी त्याला गाडीच्या पायरीवर बसवून सगळं सांगितलं. चिखलात तुझी छाती कुणी दाबत नव्हतं, तू तिथं मरत होतास, तुला मशीननं आणलं. त्यानं मनापासून ऐकून घेतलं. पाहुण्याशी किंवा उपकार करणाऱ्याशी वाद घालायचा नाही अशी त्या लोकांची रीत आहे. "दोघांनी बी वाचवलं म्हना ना बाई," तो समजुतीनं म्हणाला, लहान मुलाला अर्धा लाडू द्यावा तसं. दादा खर्रा चघळत हसत होते. मला हसू येईना. तो वाचला याचा आनंद होताच, पण एक नवीन भीतीही बसली. आत्तापर्यंत त्या गावात माती करंट ओढते हे नुसतं ऐकीव होतं. आता त्याचा जिवंत पुरावा गावात फिरत होता, धान निंदत होता, सगळ्यांशी हसून बोलत होता.

साहेबांच्या मागं लागून मी रबरी पुतळा मागितला आणि त्या गावात नेला. गोटुलासमोर, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरासमोर, सगळं गाव जमलं. बिनपायांच्या पुतळ्याला बघून पोरंबाळं हसली. भूमियानं गंभीरपणे विचारलं, "याले माती कुठी लावाची?" मी म्हणाले, "बाबा, माती नाहीच लावायची. आधी गाडीला फोन, आणि गाडी येईपर्यंत छाती दाबायची, थांबायचं नाही." त्यानं मान हलवली. सगळ्यांनी मान हलवली. त्या बाईनं गुडघ्यावर बसून छाती दाबून दाखवली, माझ्यापेक्षा जोरात. तिच्या नवऱ्यानंही दाबली. सगळ्यांनी मला जेवू घातलं. परत येताना दादा म्हणाले, "शिकले हो मॅडम." मी म्हणाले, "मान हलवली."

धान पिवळा पडायला लागला होता तेव्हा, परतीच्या पावसात, दुपारी फोन आला. ढग गडगडत होते. आवाज तुटत होता, पण मी ओळखला. चिखलातून काढलेला तोच होता. गावाबाहेरच्या टेकाडावर चढून बोलत होता, कारण रेंज तिथंच येते.

"बाई, लहान्या भावावर ईज पडली. गाडी घेऊन या. घाई नोको करू, पाऊस लय हाय. आमी त्याले बोडीतल्या चिखलात ठेवला हाय."

बोडी म्हणजे शेतातलं छोटं तळं. "काढा त्याला! काढा, आत्ता काढा! छाती दाबा!" मी इतकी ओरडले की बाजूच्या दुकानातले लोक बाहेर आले. पलीकडून तो म्हणाला, "बाई, मलेही तसंच—" आणि फोन तुटला. पुन्हा लावला, लागला नाही. पुन्हा लावला. त्यानं ऐकलं की नाही, तो टेकाडावरून उतरला की माझ्या फोनची वाट बघत तिथंच उभा राहिला, काहीच कळायला मार्ग नव्हता.

तो रस्ता मला आजही स्वप्नात येतो. दादांनी खर्रा थुंकून टाकला होता. वाटेतल्या दुसऱ्या एका नाल्याला पाणी चढलेलं. त्यांनी गाडी पाण्यात घातली तेव्हा मी डोळे मिटले नाहीत, मला मिटताच येईनात. मी मांडीवरची पेटी दोन्ही हातांनी धरून बसले होते आणि मनात एकच चाललं होतं, ऐकलं असू दे, त्यानं ऐकलं असू दे.

त्यानं ऐकलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा भाऊ बोडीच्या पारीवर, काठाच्या बांधावर, आडवा होता आणि तो गुडघ्यावर बसून छाती दाबत होता, हात बरोबर जागी, कोपरं सरळ. तो थकला की बायको दाबत होती. दोघं चिखलानं इतके माखले होते की ओळखू येत नव्हते. छाती पुसून कोरडी करून ठेवलेली होती. ट्रेनिंगमध्येही इतकं नेटकं काम मी कुणाचं पाहिलं नव्हतं. फक्त भाऊ चिखलात किती वेळ होता हे मी विचारलं नाही. हात लावल्यावर अंग गार लागलं, त्यावरून मला कळलं होतं.

मी पट्ट्या चिकटवल्या. या वेळी कुणाला हटवावं लागलं नाही. त्यानं स्वतःच सगळ्यांना मागं लोटलं, बायकोचा हात धरून तिला दूर ओढलं, भूमियाला बाजूला केलं. अख्खं गाव माझ्या बोटाकडं बघत होतं. मशीननं तपासलं. मग आपल्या त्याच थंड आवाजात ते म्हणालं, झटका द्यायचा नाही, छाती दाबत राहा. हृदयात थरथरही उरली नव्हती. जिथं काही हलत नाही, तिथं ते मशीन काही करू शकत नाही.

"बटन दाबा ना बाई," तो म्हणाला.

"आता ते करंट देत नाही, भाऊ."

"काऊन? द्या ना. मले तं देल्ला होता."

मी दोन्ही हात त्याच्या भावाच्या छातीवर ठेवले. तुला चिखलातून लवकर काढलं होतं, एवढंच मी म्हणाले. आणि खाली मान घालून दाबत राहिले, कारण ते ऐकल्यावर त्याचं तोंड कसं झालं ते बघायची माझ्यात हिंमत नव्हती.